सव्विसाव्या वर्षी म्हातारा

(अंबाजोगाईत युवकांच्या बैठकीत केलेलं भाषण. बोललो तसंच ठेवलंय.)



मी मुंबईच्या गोदीत माल उतरवतो नि कविता लिहितो. वय सव्वीस. तरी ह्या गावात पोरांनी मला म्हातारा ठरवलंय. ते कसं, ते सांगायला उभा आहे.

परवा चहाच्या गाड्यावर एकानं विचारलं, शिक्षण किती? म्हणलं, मॅट्रिक. पोरं फिदीफिदी हसली. "दहावी म्हण की भावा, मॅट्रिक काय?" मग विचारलं, कामाला कुठं? म्हणलं, गोदीत. परत हसली. "गोदी मीडियात का?" आता काय बोलावं? जहाज लागतं ती गोदी. हमालांच्या पिढ्या ह्या शब्दावर जगल्या. सरकारच्या मांडीवर बसलेल्या वाहिन्यांना हिंदीत गोदी मीडिया म्हणायला लागले, नि पोरांच्या कानात आमची गोदी बुडाली.

हे शब्द मी जुन्या कामगारांच्या तोंडून उचलले. पोतं, हुक, टोळी, पाळी. १९८९ साली खाडीपल्याड न्हावा-शेवा बंदर सुरू झालं. माल लोखंडी पेट्यांत बंद झाला. मुंबईतली १८८० सालची प्रिन्सेस डॉक नि १८८८ सालची व्हिक्टोरिया डॉक बुजवून टाकली. आता हिशेब वीस फुटी पेटीत होतो. पोतं म्हणणारा माणूस निवृत्त झाला, त्याचा शब्द माझ्या तोंडात राहिला.

रात्री पोरांना कविता वाचून दाखवली. सूर्य, मशाल, ज्वालामुखी, सगळा दारूगोळा भरला होता. एक पोरगी शांतपणे म्हणाली, "दादा, क्रिंज आहे." अर्थ विचारला. म्हणाली, "म्हणजे वाचणाऱ्याऐवजी ऐकणाऱ्यालाच लाज वाटते." लई राग आला. झोप लागली नाही. पहाटे वाटलं, पोरगी खरं बोलली. १९७२ साली नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' आला. त्यांनी शब्द कोशातून नाही, कामाठीपुऱ्याच्या गल्लीतून आणले. प्रस्तावना लिहिणाऱ्या विजय तेंडुलकरांनाही त्यातले कितीतरी शब्द विचारून घ्यावे लागले. त्या दिवशी प्रस्थापितांची मराठी म्हातारी झाली. आणि आम्ही? पन्नास वर्षं सूर्य-मशाल घोकतोय नि स्वतःला विद्रोही म्हणवून घेतोय. गल्ली बदलली, तिथं आम्ही गेलोच नाही.

भाषा म्हातारी होते ह्याचं दुःख अंबाजोगाईनं तरी करू नये. मुकुंदराजांची समाधी इथंच दाखवतात. त्यांचा 'विवेकसिंधु' शके १११० चा, म्हणजे ११८८ सालचा मानतात. आज त्याच्या ओळी अर्थ सांगितल्याशिवाय कळत नाहीत. २०२४ साली मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. चांगलं झालं. पण माझी आजी "कामून" म्हणते, मी "करायलो" म्हणतो, त्याला मात्र अजून गावंढळच म्हणतात. मुंबईत हसतील म्हणून मी "कामून" गिळून टाकला. आणि इथली पोरं त्याच बोलीत रील काढतात, लाखो लोक बघतात. मला ज्याची लाज वाटली, ते पोरांनी छातीवर मिरवलं. सांगा, म्हातारं कोण?

आजी एक गोष्ट सांगते. तिचा बाप पाटलाच्या वाड्यापुढं वाकून जोहार घालायचा. १९५६ साली बाबासाहेबांनी नागपुरात धम्मदीक्षा दिली. गावातली पोरं एकमेकांना ताठ मानेनं जय भीम म्हणायला लागली. म्हाताऱ्याच्या तोंडात तो शब्द बसेना. जोहारला कंबर वाकायची सवय, जय भीमला कुठं वाकायचं तेच कळेना. पोरं हसायची. वर्षभरानं एका सकाळी तो दारात उभा राहून मोठ्यानं जय भीम म्हणाला. कुणाला म्हणाला? कुणालाच नाही. समोर कुणी नव्हतं. जोहार मेला म्हणून आमच्या घरात कुणी रडलं नाही.

तेव्हा सगळे शब्द जपा असं मी म्हणणार नाही. शब्द कुणी केला, एवढं विचारा.

मालकानं केलेला शब्द ओळखा. बीडच्या माणसाला कोयता समजावून सांगायची गरज नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल त्यावर, हिशेब त्यावर. दोन माणसं कारखान्याच्या वाटेला लागतात नि मुकादमाच्या वहीत एक अवजार होतात. बाईचं तर नावच उरत नाही. हा जुना शब्द झाला. नवा ऐका. पुण्यात माझा एक दोस्त पाठीवर पेटी लावून घरोघर जेवण पोचवतो. त्याला म्हणतात डिलिव्हरी पार्टनर. कसला पार्टनर रे? नफ्यात हिस्सा आहे का? पाय मोडला तर पगार आहे का? कोयता म्हणून माणूस लपवला, पार्टनर म्हणून मजूर लपवला.

आणि लढून मिळवलेला शब्द ओळखा. भाच्याला विचारलं, पुढं काय करणार? म्हणाला, "बामूला ॲडमिशन घेणार." बामू म्हणजे काय रं? चार इंग्रजी अक्षरं सांगितली. पूर्ण नाव सांग. सांगितलं, डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ. १९७८ साली काय झालं? गप्प.

२७ जुलै १९७८ ला विधिमंडळात नामांतराचा ठराव झाला नि मराठवाड्यात आपली घरं पेटली. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचिराम कांबळेंना मारलं. १९९३ साली नांदेडात गौतम वाघमारेंनी स्वतःला जाळून घेतलं. १४ जानेवारी १९९४ ला नाव मिळालं, तेही मागितलं नामांतर नि मिळाला नामविस्तार. साडेपंधरा वर्षं रक्त सांडून आणलेलं नाव, आणि आपल्याच पोराच्या तोंडात त्याचं बामू झालं.

मी भाच्यावर ओरडलो नाही. चूक त्याची नाही. आपण दर चौदा जानेवारीला हार घातले, घोषणा दिल्या, घरी येऊन जेवून झोपलो. पोराला गोष्ट सांगितली नाही. बामू म्हणू नको असं मी त्याला म्हणालो नाही, जीभ जवळची वाट धरणारच. रात्री बसून गोष्ट तेवढी सांगितली. त्यानं ऐकली. मग म्हणाला, "मामा, विषय हार्ड आहे." मी हसलो. हा शब्द मला पुरला.

म्हणून माझी एकच मागणी. एक वही करा. तुमच्या आज्यांकडून, ऊसतोडीला जाणाऱ्या बायांकडून, हमालांकडून शब्द लिहून आणा. कुणी केला, कुणी कुणाला म्हणायचं, त्यात किती माणसं लपली, सगळं लिहा. दुसऱ्या पानावर तुमचे शब्द लिहा, क्रिंजपासून सगळे, नि ते आज्यांना शिकवा. पुढच्या बैठकीला मी सुट्टी काढून येतो. गोदीतले शब्द माझ्याकडून घ्या. आणि नवी कविता आणतो. ज्वालामुखी नसेल तिच्यात. ती पोरगी पुढं बसावी.

जय भीम.