हिशेब कोण मागणार?

(वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



पत्रिकेत माझा विषय ‘कुलमुखत्यारपत्र : का, कधी, कसे’ असा छापलाय. ‘का’ ते तुम्हाला ठाऊकच आहे, नाहीतर या उकाड्यात कोण आलं असतं? मुलगा अमेरिकेत, मुलगी बंगळूरला, गुडघे जिना चढू देत नाहीत आणि बँकेची शाखा नेमकी पहिल्या मजल्यावर. (हशा) 1882 चा मुखत्यारपत्राचा कायदा, 1872 चा करार कायदा, 1908 चा नोंदणी कायदा, ही नावं घेतली, आता पुढे जातो. कलमं वाचून दाखवायला मी आलेलो नाही. माझं म्हणणं एकच आहे. मुखत्यार नेमताना त्याचं तुमच्यावर प्रेम किती आहे ते मोजत बसू नका, तो हिशेब लिहून ठेवतो का ते बघा.

मागच्या रांगेतून प्रश्न आलाच : पोटच्या मुलाकडे हिशेब मागायचा? मागायचा. करार कायद्याचं 213 वं कलम सांगतं की मालकानं मागितला की मुखत्यारानं हिशेब दिलाच पाहिजे. ‘पोटचा मुलगा वगळून’ असं त्यात नाही. अहो, मी मुलांच्या विरुद्ध बोलत नाही, मलाही दोन आहेत. (हशा) माझ्याकडे भावंडांचे जे तंटे येतात, त्यांत लबाडी कमी असते, पावत्या त्याहून कमी असतात. थोरल्यानं आईची औषधं खरोखर आणलेली असतात, रात्रपाळीची बाई खरोखर ठेवलेली असते. आई गेल्यावर धाकटी विचारते, दादा, ठेव मोडली होती ना, पैसे कुठे गेले? दादाकडे दाखवायला काही नसतं. ज्यानं सगळं निस्तरलं तोच चोर ठरतो. हिशेब दादासाठीच हवा असतो, आईनं तो कधी मागितलेलाच नसतो.

आता एक जुनी गोष्ट सांगतो. दोन मिनिटांत संपवतो. 1749 च्या डिसेंबरात शाहू महाराज गेले. त्यांच्या पश्चात रामराजे गादीवर आले आणि 1750 मध्ये सांगोल्यात त्यांनी राज्यकारभाराचे अधिकार पेशव्यांच्या हाती दिले. माझ्या मते मराठी मुलुखातलं सगळ्यात मोठं कुलमुखत्यारपत्र ते. (हशा) त्या वेळी सांगोल्यात ठाण मांडून कोण बसलं होतं? यमाजी शिवदेव. ते प्रतिनिधींचे मुतालिक. प्रतिनिधी म्हणजे मुळात छत्रपतींच्या वतीनं काम पाहणारे, आणि त्यांच्याही वतीनं काम पाहायला हे मुतालिक, म्हणजे मुखत्याराला मुखत्यार! आजचा कायदा हे सहसा चालू देत नाही. तुम्ही मुलाला नेमलंत तर मुलानं परस्पर मेहुण्याला नेमायचं नाही, तशी मुभा हवी असेल तर कागदात लिहावी लागते. तर सांगोल्याला सदाशिवरावभाऊ रामराजांना बरोबर घेऊन गेले होते. यमाजींचा बंदोबस्त झाला, करार झाला. पुढे रामराजे साताऱ्याला, आणि तिथे ताराबाईंनी त्यांना अडकवलं. आता मला सांगा, मालक कैदेत, मुखत्यार पुण्यात. त्याच्याकडे हिशेब मागणार कोण?

कुजबूज ऐकू येतेय. पुण्यात पेशव्यांवर बोललं की असं होतं. मी राज्य बुडाल्याचं खापर कुणावर फोडलेलं नाही. अटकेपर्यंत गेलेत ते, मान्य. मी वकील आहे, मला कागद दिसतो. ‘सर्व अधिकार’ असं लिहून देणाऱ्याच्या हाती पुढे काय उरतं, एवढंच विचारतोय.

अध्यक्षांनी चिठ्ठी दिली. दहा मिनिटं म्हणतात. दोन मिनिटांची गोष्ट जरा लांबली.

तर भरभर. ‘सर्व अधिकार’ लिहू नका. कोणता फ्लॅट, कोणता गट नंबर, कोणत्या बँकेतलं खातं, ते लिहा. भाड्यानं देणं वेगळं, विकणं वेगळं. विकायचा अधिकार द्यायचा नसेल तर ‘विकता येणार नाही’ असं स्पष्ट लिहा. विकायचा अधिकार जवळच्या नातेवाइकाला मोबदल्याशिवाय दिला तर मुद्रांक नाममात्र, परक्याला दिला तर खरेदीखताएवढा. मुलगा परदेशातून पत्र पाठवणार असेल तर तिथल्या नोटरीपुढे किंवा आपल्या वकिलातीत सही, आणि ते भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत इथला मुद्रांक. मुखत्यारपत्रावर फ्लॅट ‘विकत घेतला’ म्हणणाऱ्यांसाठी : सर्वोच्च न्यायालयानं 2011 मध्ये सूरज लॅम्प खटल्यात सांगितलंय की त्यानं मालकी येत नाही. आणि दर तीन महिन्यांनी हिशेबाची प्रत दुसऱ्या मुलाला किंवा मुलीला जाईल, हे वाक्य मसुद्यात टाका. माझे अशील कुरकुरतात, तरी मी टाकतोच.

एक ताई पहिल्यापासून हात वर करून बसल्यात. बोला. यांना विसर पडत चाललाय, आधीच पत्र करून ठेवलं तर पुढे चालेल का? नाही चालणार, ताई. करार कायद्याचं 201 वं कलम : मालकाचं मन ठिकाणावर राहिलं नाही की मुखत्यारी संपते. ज्या दिवसासाठी कागद केला, त्याच दिवशी तो मरतो. इंग्लंडमध्ये 2005 च्या कायद्याखाली तशा दिवसानंतरही टिकणारं मुखत्यारपत्र करता येतं. ते आधी नोंदवावं लागतं, आणि पब्लिक गार्डियनचं कार्यालय मुखत्याराकडे हिशेब मागू शकतं. बघा, तिथेही हिशेबच! (टाळ्या) आपल्याकडे 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात उपचारांसाठी प्रतिनिधी नेमता येतो, मालमत्तेसाठी नाही. मग पालक नेमून घ्यायला न्यायालयात जावं लागतं. नवरा कोमात असलेल्या बायका उच्च न्यायालयात गेल्यात, राज्यघटनेच्या 226 कलमाखाली. म्हणून आज यांना समजतंय तोवर खातं दोघांच्या नावानं करा, दोघांपैकी कुणालाही चालवता येईल असं. मृत्युपत्र करा. शक्य तर सहीच्या दिवशीचा डॉक्टरांचा दाखला जोडा.

दुसरी चिठ्ठी आली. पत्र रद्द कसं करायचं ते राहिलं : रद्दलेख नोंदवा, मुखत्याराला, बँकेला, सोसायटीला लेखी कळवा, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्या. त्यांना कळेपर्यंत झालेले व्यवहार तुमच्यावर बंधनकारक राहतात, म्हणून पोच घ्या. छापील नमुना मिळेल का, असं तिघांनी विचारलंय. आणलेला नाही, मुद्दाम. त्याच्या दुसऱ्याच ओळीत ‘सर्व अधिकार’ असतं.