परलोकाचे मोजमाप



मेल्यावर माणसाचे काय होते, या प्रश्नावर मेलेला बोलत नाही आणि जिवंत माणूस गप्प बसत नाही. आम्ही अर्थातच दुसऱ्या वर्गात मोडतो. फरक इतकाच की, आज आम्ही जपमाळेऐवजी फूटपट्टी आणि तराजू घेऊन आलो आहोत.

प्रथम फूटपट्टी. गरुडपुराणाने यमलोकाचे अंतर मोघम सांगितलेले नाही. वैतरणी वगळून मार्ग ८६,००० योजनांचा आणि जिवाची रोजची चाल २४७ योजनांची. भागाकार केला की ३४८ दिवस येतात. चांद्र वर्षाचे दिवस ३५४. म्हणजे वर्षश्राद्धाच्या आत प्रवासी पोहोचतो आणि वैतरणीवर खोळंबायला सहा दिवस शिल्लक राहतात. हिशेब करणारा कच्चा नव्हता!

योजनेचे माप ग्रंथागणिक बदलते. आम्ही ते चार कोसांचे, म्हणजे सुमारे १३ किलोमीटरांचे धरतो. मग रोजची मजल ३,२०० किलोमीटरांची आणि एकूण वाट ११ लाख किलोमीटरांची होते. यमलोक दक्षिणेस, पण पृथ्वी पडली गोल. नाकासमोर चालणारा हा जीव चौथ्या दिवशी दक्षिण ध्रुवावर पोहोचतो, आणि तेथे दक्षिण दिशाच संपते. पुढचे प्रत्येक पाऊल उत्तरेकडे! पृथ्वीचा परीघ ४०,००० किलोमीटर. तेव्हा निघाल्यापासून तेराव्या दिवशी हा गृहस्थ पुन्हा आपल्याच गावात हजर. असा तो वर्षभरात सत्तावीस वेळा स्वतःच्या घरावरून जाणार आणि चिरंजीवांची वाटणीची भांडणे ऐकणार. नरकयातनांचे वर्णन पुराणात पुष्कळ आहे. ही एवढी यातना मात्र राहून गेली.

आता तराजू. अमेरिकेतील हॅवरहिल गावच्या डॉ. डंकन मॅकडूगल यांनी सहा मरणोन्मुख रोग्यांच्या खाटा वजनकाट्यावर ठेवल्या आणि १९०७ साली निष्कर्ष छापले. पहिल्या रोग्याचे वजन मरतेवेळी पाऊण औंसाने, म्हणजे २१ ग्रॅमने, उतरले. दोघांची मापे डॉक्टरांनी स्वतःच बाद केली. उरलेल्यांचे आकडे एकमेकांशी जुळेनात. मग पंधरा कुत्री झाली. त्यांचे वजन घटेना. सबब, कुत्र्याला आत्मा नाही! धर्मराजाने ज्या कुत्र्यावाचून स्वर्गात जायचे नाकारले, ते तर प्रत्यक्ष यमधर्म निघाले होते. या काट्यावर खुद्द यमच निरात्मा ठरला असता.

डॉ. क्लार्क नावाच्या दुसऱ्या वैद्याने विचारले, श्वास थांबला की रक्त थंड होईना म्हणून घाम सुटतो, त्याचे वजन कोणी धरले? कुत्र्याला माणसासारखा घाम येत नाही, हेही त्याने दाखवले. तरी २१ ग्रॅमचा आकडा अजून जगभर फिरतो आहे. सहांतला एक सोयीचा आकडा उचलायचा आणि बाकीचे विसरायचे, ही खोड सार्वत्रिक आहे.

आपला कावळा घ्या. दहाव्या दिवशी पिंड ठेवतात, कावळा शिवत नाही. नातलग एकेक इच्छा आठवू लागतात. शेवटी थोरला हात जोडून म्हणतो, "आईला मी सांभाळीन, काळजी करू नका," आणि कावळा झडप घालतो. शास्त्र म्हणेल, आधी कोणीही न मेलेला एक पिंड शेजारी ठेवा. कावळा किती भुकेला होता, माणसे किती मागे सरली, हेही टिपा. शब्द देऊनही कावळा आला नाही आणि अखेर दर्भाचा करावा लागला, अशा वेळाही वहीत मांडा.

तो शब्द मृताने ऐकला, हे यावरून सिद्ध होत नाही. पण पाठीमागे पदर डोळ्यांना लावून उभ्या असलेल्या म्हातारीने तो ऐकला, याला मात्र दहा साक्षीदार आहेत. म्हणून आमची सूचना एवढीच. प्रयोग दहाव्या दिवशी संपवू नये. वर्षाने त्या घरी जावे आणि म्हातारीला विचारावे, "आजी, जेवलात का? औषध वेळेवर मिळते का?"

या प्रयोगाला ना काटा लागतो, ना कावळा. आणि याचे उत्तर द्यायला कोणाला मरावेही लागत नाही.