पेटारा कुलपात नको



ज्या मुंबईत १९६८ च्या फेब्रुवारीत डॉ. पी. के. सेन यांनी के. ई. एम. रुग्णालयात भारतातील पहिले हृदयरोपण केले, त्याच मुंबईत, मेट्रो आणि लोकल यांचे प्रवासी जेथे एकमेकांत मिसळतात त्या आपल्या घाटकोपरच्या पुलावर, एखाद्याचे हृदय अकस्मात थांबले असता भोवतालच्या गर्दीने त्यास कांदा हुंगवावा आणि पाणी पाजू पाहावे, ही विसंगती विचार करण्याजोगी आहे.

हृदयविकाराचा झटका वेगळा आणि हृदय थांबणे वेगळे. झटक्यात रक्तवाहिनी तुंबते; मनुष्य बहुधा शुद्धीवर असतो, कळ सांगतो, आणि त्यास रुग्णालयात हलविण्यास सवड मिळते. हृदयक्रिया बंद पडते तेव्हा मात्र, पुष्कळदा, हृदयातील विद्युत्-व्यवहार विस्कटून ते नुसते थरथरत राहते, मनुष्य काही क्षणांत निश्चेष्ट होतो, आणि कोणी छातीवर दाब न दिल्यास, ती थरथर थांबविणाऱ्या विजेच्या धक्क्याला होणाऱ्या प्रत्येक मिनिटाच्या विलंबागणिक जगण्याची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी उणावते. राजावाडी रुग्णालय दूर नाही, १०८ क्रमांकाची रुग्णवाहिकाही २०१४ पासून राज्यात धावते आहे; परंतु सायंकाळी सात वाजता लाल बहादूर शास्त्री मार्गावरून ज्याने प्रवास केला आहे, त्यास या मिनिटांचा हिशेब समजावून सांगण्याचे प्रयोजन नाही.

म्हणून हा धक्का देणारे यंत्रच, म्हणजे डिफिब्रिलेटर, मनुष्यापाशी गेले पाहिजे. १९६५ साली बेलफास्ट येथे डॉ. फ्रँक पँट्रिज यांनी रुग्णवाहिकेत चढविलेला पहिला फिरता डिफिब्रिलेटर सुमारे ७० किलो वजनाचा होता. आजचा एका हाताने उचलता येतो, काय करावयाचे ते बोलून सांगतो, आणि हृदयाची लय स्वतः तपासून, आवश्यक असेल तरच धक्का देतो. शिकागोच्या ओ'हेअरसह तीन विमानतळांवर अशा यंत्रांचे पेटारे भरभर चालत गेल्यास साठ ते नव्वद सेकंदांत हाती लागावेत अशा बेताने भिंतींवर बसविले गेले. दोन वर्षांत तेथे २१ जणांचे हृदय बंद पडले. १८ जणांच्या हृदयात ती थरथर आढळली, आणि त्यांपैकी ११ जण वाचले. त्यांतील सहा जणांना वाचविणाऱ्यांनी यंत्राचे शिक्षण घेतलेले नव्हते. (त्यांत तिघे वैद्यकीय पदवीधर होते, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.)

आपल्याकडील अडचण निव्वळ खर्चाची नाही, असे माझे मत आहे. किमती वस्तू म्हटली की ती साहेबांच्या दालनात कुलूपबंद ठेवावयाची आणि किल्ली शिपायाकडे द्यावयाची, ही आपल्या दप्तरी कारभाराची जुनी खोड. आणि हात लावला तर पंचनामा व जबाब यांत अडकू, ही सामान्य माणसाची भीती त्याहून जुनी. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १३४-अ हे कलम घालून मदतकर्त्यास अभय दिले खरे, परंतु ते मोटार अपघातापुरते. फलाटावर कोसळलेल्या मनुष्यासाठी धावणाऱ्याला त्याचा आधार नाही. तीच तजवीज त्याच्यासाठीही व्हावयास हवी.

२०१४ साली घाटकोपर स्थानकात फलाट आणि गाडी यांमधील पोकळीमुळे एक भीषण अपघात घडला, तेव्हा फलाटांच्या उंचीचा प्रश्न उच्च न्यायालयापुढे गेला आणि नंतर फलाट उंचावले गेले. या पेटाऱ्यासाठी मात्र आपण अपघाताची वाट पाहू नये. आपापल्या सोसायटीच्या वार्षिक सभेतही असा बिनकुलपाचा पेटारा बसविण्याचा विषय मांडा. तोवर, कोणी कोसळून प्रतिसाद देईनासा झाला आणि त्याचा श्वास नीट चालत नसेल, तर समोरच्या एकास बोट दाखवून १०८ लावण्यास सांगा, आणि त्याच्या छातीच्या मध्यभागी, मिनिटास १०० ते १२० वेळा, निदान ५ सेंटिमीटर खोल, मदत येईपर्यंत दाब देत राहा.