महिरपीच्या मागची मापं
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील मनोगत)



कॉम्प्युटर क्षेत्राबद्दल चार शब्द बोल, असं मला सांगण्यात आलं होतं. ते मी रोज ऑफिसात बोलते. आज जुन्या गोव्यातल्या एका संग्रहालयाबद्दल बोलते. त्यात आपल्या शाळेची एक वस्तूही येणार आहे.

गेल्या वर्षी कंपनीच्या सहलीत सगळे समुद्रावर गेले, मी मात्र सांता मोनिकाच्या मठात गेले. १६०६ साली बांधायला घेतलेला हा ननांचा मठ. तिथे म्युझियम ऑफ ख्रिश्चन आर्ट आहे. हे संग्रहालय १९९४ मध्ये राशोलच्या सेमिनरीत सुरू झालं आणि २००२ मध्ये या मठात आलं. राशोल म्हणजे फादर स्टीफन्सचं 'क्रिस्तपुराण' १६१६ साली जिथे छापलं गेलं ते गाव. इंग्लंडातून आलेल्या पाद्र्याने येशूची कथा मराठी ओव्यांत सांगितली, हे सरांनी दहावीत शिकवलं होतं. तेव्हा ते फक्त दोन मार्कांपुरतं पाठ केलं.

आत चांदी, हस्तिदंत, लाकूड, जरीचं कापड. एक चांदीचा पेलिकन पक्षी आहे, आपली छाती चोचीने फोडून पिल्लांना रक्त पाजणारा. ख्रिस्ताच्या बलिदानाची ती खूण. मी त्याच्यापुढे बराच वेळ उभी राहिले.

हे सगळं घडवलं कोणी? बरंचसं इथल्याच कारागिरांनी, आणि त्यांत हिंदूही होते. १५६७ च्या धर्मपरिषदेने ख्रिस्ती पूजेच्या वस्तू बिगरख्रिस्ती कारागिरांकडून करून घेऊ नयेत असं ठरवलं. पण हात तेच होते, काम तेच जाणत होते, त्यामुळे बंदी पुन्हा पुन्हा घालावी लागली. गोव्यात घडलेल्या हस्तिदंती मूर्तींत मेंढपाळाच्या रूपातला बाळ येशू असतो. डोळे मिटलेले, गाल हातावर टेकलेला. पाहिल्यावर पटकन बुद्धच आठवतो. ज्याने घडवला त्याला शांत चेहरा असाच ठाऊक असणार. अशा मूर्तींवर घडवणाऱ्याचं नाव सहसा नसतं.

आमच्या धंद्यात प्रोग्रामची प्रत्येक ओळ कोणी, कधी लिहिली याची नोंद आपोआप राहते. ओळ चुकीची निघाली की ती नोंद सगळ्यात आधी उघडली जाते! त्या काचेपुढे मला आपल्या प्रार्थनेच्या हॉलमधली सरस्वतीची सागवानी महिरप आठवली. दोन मोर, मधे कमळ. दहा वर्षं आपण तिच्यापुढे हात जोडले.

ती माझ्या बाबांनी केली होती.

तुमच्यापैकी बहुतेकांना हे आज कळतंय, कारण मी कधी सांगितलंच नाही. आठवीत बाईंनी वर्गात विचारलं होतं, "ही कोणी केली, माहीत आहे का कोणाला?" मी खाली मान घालून वहीत काहीतरी गिरवत बसले. शेजारच्या बाकावर डॉक्टरांची मुलगी होती आणि माझ्या बाबांच्या सदऱ्याला कायम भुसा असायचा. एवढंच कारण. घरी आल्यावर मी बाबांना उलटंच विचारलं, "तुम्ही नाव का नाही टाकलं?" ते रंधा मारत म्हणाले, "देवीसमोर आपलं नाव कायले लिहाचं?" त्यांना ते पटलेलं होतं. मला मात्र ते सोयीचं होतं.

बाबा जाऊन सहा वर्षं झाली. यंदा नागपूरहून येताना उमरेडपासून पुढे मी हेच घोकत होते, की आज सांगायचं.

सकाळी शिपाईकाकांच्या मदतीने महिरप भिंतीपासून जरा पुढे ओढली. मागच्या फळीवर पेन्सिलीने लिहिलेली मापं अजून आहेत, बाबांच्या अक्षरात. एक आकडा खोडून पुन्हा लिहिलाय. मुख्याध्यापकांनी परवानगी दिली आहे. नाव कोरलेली छोटी पितळी पट्टी मी सोबत आणली आहे. ती समोर नाही लावणार, मागे, त्या मापांच्या खाली लावू. जेवणानंतर ज्यांना यायचं त्यांनी हॉलमध्ये या. स्क्रू-ड्रायव्हर मात्र कोणीतरी आणा.