नोंद आणि तिचा वाचक



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण आज येथे जमलो आहोत, त्यांच्यासमोर मी चौथीच्या वर्गात मांडी घालून बसलो आहे. त्यामुळे या व्यासपीठावर उभे राहताना सत्तरी उलटल्यानंतरही पाय किंचित कापतात. व्याख्यानाचा विषय मी कळविला तेव्हा चिटणीसांनी अतिशय सौजन्याने पत्र पाठवून विचारले की, आपण संतवाङ्मयावर बोलाल अशी आमची समजूत होती. अणुवीज केंद्रांच्या सुरक्षिततेचा आणि मराठीच्या प्राध्यापकाचा संबंध कोणता? प्रश्न रास्त आहे. मला अणुविज्ञान कळत नाही. परंतु चाळीस वर्षे मी भाषा शिकविली, आणि लोकांनी विचारलेल्या प्रश्नाला सत्ता कोणत्या भाषेत उत्तर देते, हा माझ्या अभ्यासाच्या कक्षेतला विषय आहे असे मी मानतो.

आरंभ गुरुजींच्या टेबलापासूनच करतो. शाळेच्या दाखलखारिज वहीत एका मुलाची जन्मतारीख चुकीची पडली होती. वडील रानात राबणारे, घरी कानडी बोलणारे, अक्षरओळख नव्हती. गुरुजींनी त्यांना बोलावून घेतले, चुकलेल्या आकड्यावर तांबड्या शाईची एकच बारीक रेघ ओढली, शेजारी नवा आकडा लिहिला, सही केली, तारीख घातली आणि ती सबंध ओळ कानडीत वाचून दाखविली. मी हजेरीपट न्यायला गेलो होतो म्हणून ते पाहिले. चूक खरवडून का काढली नाही, असे मी पोरबुद्धीने विचारले. "खरवडलं तर कागदाला भोक पडतं," एवढेच ते म्हणाले.

या भागातील माणसांना दुसऱ्याच्या भाषेतील दप्तराचा अनुभव नवा नाही. निजामी राजवटीत सरकारी कारभार उर्दूत चाले. आमच्या घरी जमिनीचा एक जुना कागद होता. वडिलांनी तो आयुष्यभर पेटीत जपला, पण त्यात काय लिहिले आहे हे जाणून घ्यायला त्यांना मुनशीकडे जावे लागे आणि मुनशी सांगेल ते खरे मानावे लागे. शेत आमचे, नोंद आमच्या शेताची, आणि ती वाचण्याची किल्ली मात्र दुसऱ्याच्या हाती. पुढे १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली, दप्तराची भाषा बदलली. तो कागद मात्र आमच्यासाठी तसाच मुका राहिला.

आता मुख्य विषयाकडे वळतो. आपल्या देशातील अणुवीज केंद्रांच्या सुरक्षिततेवर देखरेख ठेवण्यासाठी १५ नोव्हेंबर १९८३ रोजी अणुऊर्जा नियामक मंडळ स्थापन झाले. त्याचे कार्यालय मुंबईस, अणुशक्तीनगरात. हे मंडळ अणुऊर्जा आयोगाला उत्तरदायी, आणि आयोगाचा अध्यक्ष म्हणजेच अणुऊर्जा खात्याचा सचिव. ज्याच्या कारभाराची तपासणी करायची त्याच्याच हाती तपासणीचा अहवाल द्यायचा, अशी ही रचना होती. मंडळात उत्तम अभियंते होते आणि आहेत. मी व्यक्तींविषयी बोलत नसून रचनेविषयी बोलतो आहे.

या रचनेतही एक वेळ अशी आली की मंडळाने आपले काम निर्भीडपणे केले. ३१ मार्च १९९३ रोजी उत्तर प्रदेशातील नरोरा केंद्रात टर्बाइनची पाती तुटून मोठी आग लागली आणि कित्येक तास केंद्राचा वीजपुरवठा संपूर्ण बंद पडला. १३ मे १९९४ रोजी आपल्याच राज्यात, कारवारजवळच्या कैगा येथे, बांधकाम चालू असलेल्या अणुभट्टीच्या आतल्या घुमटाचा काँक्रीटचा थर निखळून खाली आला. भट्टीत तेव्हा इंधन नव्हते, हे आपले भाग्य. घुमटाचा आराखडा बदलावा लागला आणि कैग्याचे व्यावसायिक वीजउत्पादन २००० साली सुरू झाले. त्या काळात मंडळाचे अध्यक्ष होते डॉ. ए. गोपालकृष्णन. त्यांच्या कारकिर्दीत, १९९५ साली, मंडळाने देशातील अणुकेंद्रांमधील सुरक्षाविषयक उणिवांचा एक अहवाल तयार केला. त्यात सुमारे १३० बाबी होत्या आणि त्यांतील बहुसंख्य तातडीच्या मानल्या गेल्या होत्या.

अध्यक्षपदावरून उतरल्यावर डॉ. गोपालकृष्णन यांनी या विषयावर जाहीरपणे बोलण्यास आरंभ केला आणि लोकांत साहजिकच चिंता उत्पन्न झाली. मुंबईतील सर्वोदय मंडळ आणि लोकस्वातंत्र्य संघटना उच्च न्यायालयात गेल्या. मागणी साधी होती: तो अहवाल आम्हांला दाखवा. मंडळाने केलेले काम मंडळाच्याच शब्दांत वाचावे, याहून अधिक काही ते मागत नव्हते. उत्तर आले ते १९६२ च्या अणुऊर्जा कायद्याच्या १८ व्या कलमाचा आधार घेऊन: हा दस्तऐवज गुप्त आहे. उणिवांवर उपाय चालू आहेत, केंद्रे सुरक्षित आहेत, परंतु अहवाल प्रकट करणे राष्ट्रहिताचे नाही. १९९७ साली मुंबई उच्च न्यायालयाने अर्ज फेटाळला; जानेवारी २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तोच निर्णय कायम केला.

न्यायालयाच्या निर्णयाचा मी आदर करतो. भांडारात युरेनियम किती आहे हे चव्हाट्यावर सांगू नये, हे मलाही पटते. पण नळीला गंज चढला आहे काय, पंप पुराच्या पाण्यात बुडेल काय, या प्रश्नांचे उत्तर शत्रूला काय उपयोगाचे? ते उपयोगाचे आहे ते शेजारच्या गावाला. त्या उत्तराची भाषा मला वारंवार आठवते. "सर्व उपाय योजण्यात येत आहेत." "चिंतेचे कारण नाही." कोण योजीत आहे, कोणत्या तारखेपर्यंत, मागच्या तपासणीतील किती बाबी शिल्लक आहेत, याचा पत्ता नाही. मराठीत ज्या वाक्याला कर्ता नसतो त्याला आपण कर्मणी किंवा भावे प्रयोग म्हणून गुण देतो. कारभारात त्याला गुण देऊ नयेत, असे माझे मत झाले आहे.

"सुरक्षित" हा शब्दही तपासून घ्यावा लागतो. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट या सभागृहातील वडीलधाऱ्यांना आठवत असेल. आदल्या रात्री गणपतींचे विसर्जन झाले होते, मी सोलापूरला होतो, चार वाजण्याच्या सुमारास पलंग हलला. किल्लारीत हजारो माणसे गाडली गेली. त्या वेळच्या भूकंपनकाशात तो टापू सर्वांत कमी धोक्याच्या, पहिल्या पट्ट्यात होता. दख्खनचे पठार स्थिर, ही शास्त्राची तोवरची समजूत. नकाशा करणारे लबाड नव्हते. त्यांच्या हाती जेवढे होते तेवढ्यावर त्यांनी लिहिले. मला महत्त्वाचे वाटते ते पुढचे: २००२ साली त्या मानकाची सुधारित आवृत्ती निघाली आणि तो पहिला पट्टाच नकाशातून काढून टाकण्यात आला. चूक उघडपणे दुरुस्त झाली, घरे बांधणाऱ्या कोणालाही ती वाचता आली. गुरुजींची तांबडी रेघ ती हीच.

नोंद नीट ठेवली तर काय साधते, याचे उदाहरणही कैग्याचेच. नोव्हेंबर २००९ मध्ये तेथील पन्नासहून अधिक कर्मचाऱ्यांच्या शरीरात ट्रिटियमचे प्रमाण वाढलेले आढळले. पिण्याच्या पाण्याच्या कूलरमध्ये ट्रिटियमयुक्त जड पाणी मिसळले गेले होते; कोणीतरी ते हेतुपुरस्सर केले असावे असे अधिकाऱ्यांनी सांगितले. हे कळले कशामुळे? कामगारांच्या लघवीची नियमित तपासणी होते आणि तिची नोंद राहते म्हणून. रोजची, कंटाळवाणी, कोणी शाबासकी देत नाही अशी नोंद. ज्या कोणी ती निष्ठेने ठेवली, त्याला माझा नमस्कार. मात्र प्रकरण उघडकीस आले २४ तारखेस, आणि देशाने ते वाचले चार-पाच दिवसांनी, वृत्तपत्रांतून.

आपण म्हणाल, कैगा दूर आहे, तारापूर त्याहून दूर. भीमा-अमरजेच्या संगमावर आम्हांला याचे काय? तर ऐका. हेच मंडळ गावोगावच्या क्ष-किरण यंत्रांवरही देखरेख करते. २०१२ साली नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी मंडळाच्या कारभाराची तपासणी करून संसदेला अहवाल दिला. देशातील ५७,४४३ वैद्यकीय क्ष-किरण यंत्रांपैकी केवळ ५,२७० मंडळाच्या दप्तरी रीतसर नोंदलेली होती. शंभरातील एक्क्याण्णव यंत्रे परवान्यावाचून चालत होती. पडून हात मोडलेल्या पोराला घेऊन आपण कलबुर्गीला किंवा सोलापूरला जातो, तेव्हा ज्या खोलीत त्याला उभे करतो त्या खोलीची ही गोष्ट आहे. नियम मोडणाऱ्यास जास्तीत जास्त दंड किती असावा? पाचशे रुपये. हे वाचून मी चष्मा पुसून पुन्हा वाचले.

त्या अहवालाने एक मात्र घडविले. मंडळाच्या कामाविषयी एक सविस्तर, आकडेवार, छापील मजकूर सामान्य नागरिकाला वाचायला मिळाला, आणि त्यामुळे देश बुडाला नाही. २०१५ साली आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या पाहणी पथकानेही मंडळाला कायद्याने स्वतंत्र करावे असे सुचविले. ११ मार्च २०१६ रोजी, फुकुशिमाला बरोबर पाच वर्षे होत असताना, गुजरातेतील काकरापार येथे शीतक नळीतून गळती झाली, तेव्हा मंडळाने लगेच निवेदने काढली आणि पुढे नळ्यांच्या बाहेरच्या अंगास गंजाचे ठिपके आढळल्याचेही सांगितले. हा बदल मी मनापासून नोंदवितो. ज्याने वाईट बातमी स्वतः सांगितली, त्याच्या चांगल्या बातमीवर माणसे विश्वास ठेवतात.

फुकुशिमाची दृश्ये मार्च २०११ मध्ये घरोघरी पोहोचली तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यातील माडबन आणि साखरी-नाटे येथील लोक जैतापूर प्रकल्पाविरुद्ध उभेच होते. एप्रिलमध्ये नाट्याला गोळीबार होऊन एक माणूस मेला. प्रकल्प हवा की नको, यावर मी आज मत देणार नाही. विजेवाचून परीक्षेचा अभ्यास करणारी मुले मी पाहिली आहेत, आणि अणुवीज सरसकट त्याज्य मानणाऱ्यांपैकी मी नाही. पण त्या कोळणीने विचारले की, समुद्रात सोडलेल्या गरम पाण्याने आमची मासळी जाईल काय, तर तिला तिच्या बोलीत, तिच्या दारात, आकड्यांनिशी उत्तर मिळाले पाहिजे. मंडळाचे वार्षिक अहवाल इंग्रजीत आणि हिंदीत निघतात. माडबनचा माणूस मराठी वाचतो, कैग्याच्या शेजारचा कानडी. माझ्या वडिलांचा मुनशी मला येथे पुन्हा दिसतो. त्याने फक्त पोशाख बदलला आहे.

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने १९६२ च्या कायद्याच्या जागी नवा कायदा केला. त्याने खासगी कंपन्यांना या क्षेत्राचे दार उघडले आणि नियामक मंडळाला प्रथमच कायद्याने स्थान दिले. बेचाळीस वर्षांनी का होईना, ते मिळाले. मात्र माहिती गुप्त ठरविण्याचा अधिकार नव्या कायद्यातही सरकारपाशी आहे. तेव्हा १९९५ च्या अहवालासारखा अहवाल उद्या पुन्हा तयार झाला तर तो कोणाच्या पेटीत जाईल, हे पाहायचे आहे. आणि ते पाहण्याचे काम समोर बसलेल्या या मुलामुलींचे आहे, माझे नव्हे.

येथे येण्यापूर्वी मुख्याध्यापकांच्या परवानगीने मी दाखलखारिजाची ती जुनी वही पाहून आलो. कडा वाळवीने खाल्ल्या आहेत, शाई फिकी झाली आहे. ती तांबडी रेघ अजून दिसते, आणि रेघेखालचा चुकलेला आकडाही वाचता येतो.