पत्रा गळत नाही, सांधा गळतो



मृग तोंडावर आला की आपण औतं बघतो, बियाणं बघतो. पण ते बियाणं ज्या पडवीत ठेवलंय, तिचं छप्पर बघायचं राहून जातं. मग पहिल्याच मोठ्या पावसात भिंत ओली होते नि भिंतीकडची पोती भिजतात. भिजलेल्या बियाण्याची उगवण घटते. बुरशी आलेल्या भुईमुगाच्या शेंगा तर माणसाला नि जनावरालाही घातक.

हे पाणी येतं कुठून? आपण म्हणतो, पत्रा गळतो. पुष्कळदा पत्रा धड असतो. गळतो तो पत्रा आणि भिंत यांचा सांधा. तिथं आपण नुसतं सिमेंट भरतो. पत्रा उन्हानं वाढतो, रात्री आकसतो. भिंत तेवढी हलत नाही. म्हणून सिमेंटला चीर पडते आणि भिंतीवरून ओघळणारं पाणी त्या चिरेत शिरतं.

यावर उपाय साधा आहे. जस्ती पत्र्याची पट्टी उताराप्रमाणे वाकवून घ्या. तिची एक बाजू भिंतीवर 6 इंच चढावी, दुसरी पत्र्यावर 6 इंच उतरावी. भिंतीत विटांच्या सांध्यात इंचभर खोल खाच पाडा. पट्टीची वरची कड दुमडून खाचेत घाला आणि सिमेंटनं बुजवा. त्या कडेला आधी डांबर लावा, म्हणजे ओलं सिमेंट जस्त खाणार नाही. पट्टी भिंतीलाच पक्की करा, पत्र्याला खिळू नका. पत्र्याला हलायला वाव हवा. खालची कड पत्र्याच्या नाळींवर बेतानं ठोकून बसवा.

उताराच्या कडेनं पट्टी लावताना खालून सुरुवात करा. वरचा तुकडा खालच्यावर 6 इंच चढवा, कौलं चढवतो तसा. उलटं केलंत, तर पाणी सरळ आत जाईल.

काम झालं की एकानं आत थांबावं, दुसऱ्यानं भिंतीवर घागरभर पाणी हळूहळू ओतावं. ओल दिसली, तर दुरुस्तीला अजून वेळ आहे. आणि हो, छपरावर चढताना वाशांवर फळी टाकूनच चढा.

पट्टीचा खर्च थोडा आहे. पण भिजलेलं बियाणं पेरलं, तर सगळा हंगाम हातचा जातो. तेव्हा मंडळी, पाऊस यायच्या आधी एकदा वर बघा!