पाचट काढा, हिरवं पान राखा
(सातारा-सांगली जिल्हा बैठकीतील भाषण)



भावाच्या लढाईबद्दल या बैठकीत पुष्कळ बोलून झालं. आज आम्ही उसाच्या बुडातल्या वाळक्या पानावर बोलणार आहोत. विषय लहान वाटेल, पण हिशेब लहान नाही.

पाच महिन्यांचा ऊस झाला की खालची पानं पिवळी पडतात. वरच्या पानांनी सावली धरली, खालच्यांना ऊन मिळेना, म्हणून ती वाळतात. वाळण्याआधी आपल्यातलं नत्र ती वरच्या कोवळ्या पानांकडे पोचवतात. म्हणजे वाळून लोंबणारं पान आपलं काम करून बसलेलं असतं. ते ठेवलं तर देठाच्या आत खवले कीड आणि पिठ्या ढेकूण दडतात, सरीत हवा खेळत नाही, उंदरांनाही आडोसा होतो. २००२ साली सांगली जिल्ह्यात लोकरी मावा आला, तेव्हा दाट, कोंदट फडात शिरून फवारणी करताना काय हाल झाले ते आपण विसरलेलो नाही.

पण पान काढायचं कोणतं? हलक्या हातानं ओढलं की सुटतं ते. ओरबाडावं लागतं ते अजून जिवंत आहे, त्याला हात लावू नका. शेंड्याकडची आठ-दहा हिरवी पानं हा उसाचा साखर कारखाना आहे. उन्हाळ्यात वैरण संपली की आपण हिरवी पानं कापून गोठ्यात टाकतो. त्या दिवशी जनावराचं पोट भरतं, पण उसाचं वजन तिथंच घटतं. बेणे मळ्यातलं पाचट तर काढूच नका, त्याच्या आत डोळे सुरक्षित राहतात.

आणखी एक. तीन महिन्यांच्या उसाची खालची पानं सरसकट पिवळी पडली, तर ते वय झाल्याचं लक्षण नव्हे. एक तर नत्र कमी पडलं, नाही तर पाणी साचून वाफसा मोडला. वाळवा, पलूस, मिरज भागातल्या क्षारपड रानात पानाच्या कडा आणि टोकं करपतात. तिथं पान काढून काही होत नाही, चर काढावा लागतो.

काढलेलं पाचट बांधावर नेऊ नका, पेटवू तर मुळीच नका. एक आड एक सरीत पसरा आणि मोकळ्या सरीतून पाणी द्या. तोडणीनंतर एकरी साधारण ३ टन पाचट राहतं. त्यात नत्र अर्धा टक्का धरलं तरी १५ किलो होतं, म्हणजे युरियाचं पाऊण पोतं. काडी लावली की ते धुरात जातं, सेंद्रिय कर्बही जातो. खोडव्यात एक टन पाचटाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट आणि १ किलो कुजवणारं जिवाणू खत टाका. ओल राहिली की ते तिथंच कुजतं.

आता खरी गोष्ट. २००९ पासून आपल्याला एफआरपी मिळते, ती कारखान्याच्या सरासरी उताऱ्यावर. तुम्ही ऊस आरशासारखा स्वच्छ ठेवलात, तरी तुमच्या टनाला वेगळा भाव नाही. मग हे कष्ट कशासाठी? आपल्या रानासाठी आणि आपल्या वजनासाठी. कारखान्यावर उपकार म्हणून नव्हे.

आणि हे कष्ट करतं कोण? बहुतेक घरात बायाच. पानाच्या धारेनं हात चिरतात, कुसळानं अंग खाजतं. मजूर लावला तर आपण रोज लिहून ठेवतो, घरची बाई राबली तर वहीत शून्य मांडतो. १९८६ च्या चांदवडच्या अधिवेशनानं शेतकरी बाईचा प्रश्न चव्हाट्यावर आणला. त्याला इतकी वर्षं झाली, तरी आपल्या वहीत ते शून्य तसंच आहे. उत्पादन खर्चावर आधारित भाव मागायचा आणि आपल्याच घरातला खर्च लपवायचा, हे जमणार नाही. सरकार आपली मजुरी पुरेशी धरत नाही म्हणून आपण ओरडतो. आधी आपण तरी धरू या.

म्हणून आमची विनंती एवढीच. या हंगामात पाचट काढाल, त्या दिवशी माणसं, तास आणि रोज वहीत लिहा, घरच्या बाईचाही. पुढच्या बैठकीला ती वही घेऊन या. भावाची मागणी आपण त्या वहीवरून मांडू.